ब्रासला किती गोणी

शिवडीच्या बीडीडी चाळीत भिंतीवर फोटो टांगायचा असेल, तर खिळा वाकतो. विटांची भिंत नव्हे ती, काँक्रीट आहे. मी याच भागात वाढलो, पुढे बांधकामावर ओव्हरसियर झालो आणि सिमेंटची एस्टिमेट काढत राहिलो. त्यामुळे या चाळींकडे बघताना माझ्या डोक्यात आधी हिशेबच सुरू होतो.

1920 साली मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी विकास खातं काढलं, बीडीडी म्हणतात ते हेच. कामगारांसाठी 50 हजार खोल्या बांधायच्या, पैसा कर्जातून आणि कापसाच्या दर गाठीवर एक रुपया कर बसवून उभा करायचा, असा बेत होता. काम 207 इमारतींवर थांबलं. वरळीला 121, नायगावला 42, डिलाईल रोडला 32 आणि शिवडीला 12. तळमजला अधिक तीन मजले, मजल्याला 20 खोल्या, खोली 160 चौरस फुटांची. देशी सिमेंट तेव्हा अगदी नवं होतं. पोरबंदरचा कारखाना 1914 चा, कटनी आणि लाखेरीचे त्याच्यामागचे. अशा मालावर हजारो कुटुंबांची घरं उभी करायला निघालेल्यांच्या धाडसाचं मला आजही कौतुक वाटतं. खोल्या कोंदट आणि लहान झाल्या, हा दोष सिमेंटचा नव्हे.

आमच्याकडे हिशेब ब्रासचा. ब्रास म्हणजे 100 घनफूट. तयार काँक्रीटच्या एका ब्रासला कोरडा माल 154 घनफूट लागतो, कारण रेती खडीच्या फटीत जाऊन बसते आणि सिमेंट रेतीच्या. एकास तीन, सहा असं प्रमाण धरलं, तर दहा भागांतला एक भाग सिमेंट, म्हणजे 15.4 घनफूट. गोणीत सव्वा घनफुटाच्या आसपास सिमेंट मावतं. ब्रासला साधारण साडेबारा गोणी आल्या.

रेती मात्र पेटीनेच मोजली पाहिजे, घमेल्याने नाही. पेटी गोणीच्या मापाची, बिनबुडाची. जमिनीवर ठेवायची, भरायची, वरून फळी फिरवून सपाट करायची आणि उचलून घ्यायची. रेती जरा ओलसर असली की फुगते, कधी पाव हिश्श्यानेही. पेटी भरलेली दिसते, पण आत रेती कमी असते. माल कमी निघतो आणि सिमेंट जास्त उडतं. पूर्ण भिजली की तीच रेती पुन्हा खाली बसते. म्हणून पावसाळ्यात कागदावरचा आकडा जसाच्या तसा चालत नाही.

कंट्रोलच्या काळात या आकड्याला फार वजन आलं. सिमेंट परमिटवर मिळायचं. चाळीतली मोरी नीट करायची तरी किती गोणी लागतील ते लिहून द्यावं लागे. सिमेंटच्या वाटपावरूनच जानेवारी 1982 मध्ये अंतुल्यांना मुख्यमंत्रीपद सोडावं लागलं. त्याच वर्षी कंट्रोल सैल झाला आणि 1989 साली पूर्ण उठला.

ब्लॉक पाडणाऱ्यांचा प्रश्न याच टंचाईत उलटा झाला, असं मी पाहिलं. ब्रासला किती गोणी, हे कोणी विचारेना. एका गोणीत किती ब्लॉक पडतात, एवढंच. सोळा बाय आठ बाय सहा इंचांचा भरीव ब्लॉक धरा. ब्रासमध्ये असे 225 बसतात, म्हणजे वरच्या प्रमाणात गोणीला 18. एका कंत्राटदाराने माझ्याकडे 25 चा हट्ट धरला होता. पंचवीस पाडले की ब्रासला नऊच गोणी उरतात. एका भाग सिमेंटवर रेती-खडीचे तेरा भाग चढतात. साच्यातून निघताना तो ब्लॉकही देखणाच दिसतो. पाणी मारायलाही कोणी थांबलं नाही, तर ट्रकमधून उतरवताना कडा हातात येतात. मी त्या एस्टिमेटवर सही केली नाही.

सिमेंट आता मुबलक आहे, तरी गोणीला किती ब्लॉक हीच बोली कायम आहे. बीडीडीच्या भिंतींत तेव्हा किती सिमेंट पडलं, ते मात्र अजून तपासता येईल. चाळींच्या इतर तीन ठिकाणी पुनर्विकास सुरू झाला. शिवडीची जमीन मुंबई बंदर प्राधिकरणाची असल्याने इथलं घोडं अडलं. या बारा इमारती पाडायच्या आधी त्यांच्या भिंतींचे गाभे कापून काढावेत, प्रयोगशाळेत सिमेंटचं प्रमाण तपासावं आणि ते मजल्यानुसार नोंदवून ठेवावं. कुठे सळई गंजून पापुद्रे सुटले आणि कुठे भिंत अजून खणखणीत आहे, तेही सोबत लिहावं. रहिवासी अजून तिथेच आहेत, कोणती भिंत कधी ओल धरते हे त्यांना पाठ आहे.