डोंगरी मैना आणि पिंजऱ्याचा बाजार

डोंगरी मैना पिंजऱ्यात माणसासारखी बोलते, म्हणून ती उपजतच नकलाकार आहे असे मानले गेले. तिचा व्यापार याच समजावर फोफावला. प्राणिशास्त्रज्ञ ब्रायन बर्ट्राम यांनी आसामात अभ्यास करून १९७० साली मांडलेले निष्कर्ष वेगळे आहेत. रानातली मैना इतर पक्ष्यांच्या नकला करत नाही. ती आसपासच्या मैनांकडून साद शिकते. शिकण्याची ही ओढ आपल्या जातभाईंत राहण्यासाठी आहे. लहानपणीच घरट्यातून उचललेल्या पिल्लाला मात्र शिकायला माणसांचेच आवाज उरतात. म्हणूनच बाजाराला पिल्ले हवी होती, आणि म्हणूनच या व्यापाराचा घाव थेट पुढच्या पिढीवर बसला.

पिल्ले धरणे ही डोंगरातली जुनी रीत आहे, मग दोष बाजाराला का, असे कोणी विचारेल. मेघालयातल्या गारो टेकड्यांतली रीत पाहा. तिथले लोक बांबूच्या कामट्यांचा सांगाडा करून त्यावर गवत लावत आणि अशी घरटी गावाच्या कडेच्या उंच झाडांवर टांगत. मैना तिथे वीण करी, पिल्ले योग्य वेळी काढली जात. पिल्ले हा कारागीरही नेत असे, पण पुढच्या वर्षी तीच जोडी परत यावी यात त्याचा स्वार्थ होता. दूरच्या शहरातल्या गिऱ्हाइकाला अशी कोणतीही गरज नव्हती. मैना पिंजऱ्यात सहसा वीण करत नाही, त्यामुळे वाढती मागणी रानातूनच भागवली गेली. १९९७ साली वन्य जीवांच्या व्यापारावरील ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात तिचा समावेश होऊन आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आले. २००७ साली युरोपीय संघाने रानटी पक्ष्यांची आयात कायमची थांबवली.

खरा शत्रू जंगलतोड आहे, बंदीने काय साधणार, हा आक्षेप वजनदार आहे. पण मैना जुन्या झाडांच्या ढोलीत दोन-तीनच अंडी घालते. झाडे तुटून ढोल्या घटल्या की उरलेल्या प्रत्येक घरट्याचे मोल वाढते. तेव्हा तोड जितकी जास्त, तितकी पिल्ले उचलण्यावरची बंदी अधिक गरजेची. उंबरवर्गातली फळे खाऊन त्यांच्या बिया रानभर पसरवणारा हा पक्षी गेला, तर जंगलाच्या वाढीलाही खीळ बसते. छत्तीसगडने बस्तरच्या डोंगरी मैनेला राज्यपक्षी केले, हा सन्मान योग्यच आहे. आता गारोंचे घरटे बांधण्याचे कसब पिल्ले न काढता, ढोल्यांची उणीव भरून काढण्यासाठी वापरायला हवे, आणि त्याची मजुरी त्या कारागिरांनाच मिळायला हवी.