अंगावरची सांगड

परंपरा आणि आधुनिकता यांची सांगड घालायला उठलेल्या वक्त्याने खरी सांगड बहुधा पाहिलेली नसते. सुके भोपळे किंवा हलकी लाकडं एकत्र बांधून केलेला तराफा म्हणजे सांगड. पूल नव्हते तेव्हा नदी उतरायला तोच आधार. शब्दाचं मूळ संस्कृत 'संघाट'. त्याच कुळातला मल्याळम 'चंगाडम्' पोर्तुगीजांनी उचलला, त्याचा 'जांगादा' केला आणि अटलांटिकपार नेला. ब्राझीलच्या ईशान्य किनाऱ्यावरचे मच्छीमार आपल्या शिडाच्या तराफ्याला आजही याच नावाने ओळखतात.

या सांगडीतला एक भोपळा सुटा करून कमरेला बांधला, की झालं पोहायला शिकण्याचं साधन. कोकणातल्या विहिरींनी असे भोपळे पाहिले, पुढे पाठीवरचे पत्र्याचे डबेही पाहिले. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या बोटींवरची नारिंगी लाइफ जॅकेटं याच भोपळ्याच्या वंशातली. गणितही तेच. माणसाचं शरीर पाण्यात जेमतेम तरंगतं किंवा जेमतेम बुडतं. डोकं वर राहायला बहुतेक मोठ्या माणसांना तीन ते साडेपाच किलोंचा जादा आधार पुरतो.

कामाच्या माणसासाठी मुद्दाम घडवलेलं जॅकेट मात्र ब्रिटनमधलं. तिथल्या जीवरक्षक होड्यांच्या संस्थेचे निरीक्षक कॅप्टन वॉर्ड यांनी १८५४ साली कॅनव्हासवर बुचाच्या सुट्या पट्ट्या शिवल्या. पट्ट्या सुट्या अशासाठी, की वल्ही मारताना अंग वाकलं पाहिजे. ९ फेब्रुवारी १८६१ रोजी व्हिटबी बंदरात वादळात जीवरक्षक होडी उलटली. १३ जणांपैकी १२ गेले. वाचलेल्या हेन्री फ्रीमनच्या अंगात हे नवं बुचाचं जॅकेट होतं. तसं दुसऱ्या कुणाकडेच नव्हतं.

बूच जड आणि टणक. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याची जागा कपोकने घेतली. कपोक म्हणजे पांढऱ्या सावरीचा कापूस, आपल्या काटेसावरीच्या जवळच्या नातलगाचा. त्याचा तंतू आतून पोकळ, बाहेरून मेणचट. पाणी आत शिरत नाही. पण तेल लागलं किंवा दाबला गेला, की त्याची ताकद जाते, आणि बोटीवर तर तेलही भरपूर आणि जॅकेटावर बसणारेही भरपूर! चांगला कपोक यायचा जावाहून. दुसऱ्या महायुद्धात जावा जपानच्या ताब्यात गेलं, तेव्हा अमेरिकेतल्या शाळकरी मुलांनी रानोमाळ फिरून मिल्कवीडच्या शेंगा गोळा केल्या. ही वनस्पती आपल्या रुईच्या कुळातली. वाऱ्यावर उडणारी जी 'म्हातारी' पकडायला इथली पोरं धावतात, तिच्याच परदेशी बहिणी खलाशांच्या जॅकेटात भरल्या गेल्या.

त्याच युद्धात एक वेगळाच प्रश्न पुढे आला: बेशुद्ध माणसाचं काय? तो तरंगतो, पण पालथा. एडगर पास्क या ब्रिटिश भूलतज्ज्ञाने स्वतःला भूल देववून घेतली आणि वेगवेगळी जॅकेटं घालून पोहण्याच्या तलावात सोडायला लावलं. कोणतं जॅकेट त्याला उताणं करतं आणि कोणतं बुडवतं, हे सहकारी पाहत होते. चांगल्या जॅकेटाला मानेमागे जाड कॉलर आणि छातीवर जास्त भर असतो, त्याची पारख अशा चाचण्यांतून झाली. नुसता चौकोनी फोमचा तुकडा पाठीपोटाला बांधला, तर हे काम होत नाही.

आता कपोक जाऊन फोम आला. त्याहून नवी जात हवेची: पट्ट्यासारखी चपटी घडी, आत कार्बन डायऑक्साइडची छोटी नळकांडी. पाण्यात पडताच घडी आपोआप फुगते. मात्र एकदा फुगली की नळकांडी बदलावी लागते, आणि तो खर्च कुणाचा, हा प्रश्न उरतोच.

नोव्हेंबर २००९ मधल्या फयान वादळातून रत्नागिरी जिल्ह्यातले कित्येक खलाशी परतले नाहीत. इथल्या बोटींवर आज समुद्रच नसलेल्या नेपाळमधून आलेले तरुणही जाळी ओढतात. पोहणं त्यांच्या लहानपणात असेलच असं नाही. जाळं ओढताना जाड जॅकेट अडकतं, उकडतं, म्हणून ते केबिनमध्ये राहतं, ही तक्रार खोटी नाही. कॅप्टन वॉर्डनाही नेमकी हीच अडचण सोडवायची होती. मालकांनी बोटीवर किती जॅकेटं आहेत, एवढंच मोजून थांबू नये. पावसाळी बंदी उठून बोटी पाण्यात लोटण्याआधी प्रत्येक खलाशाच्या अंगात ती घालून बघावीत, हात वर करून जाळं ओढता येतं का ते पाहावं, आणि येत नसेल तर ती बदलावीत.