फ्रिगेटवरची इंग्रजी

ऑक्टोबर 1818. मुंबईची गोदी. पाऊस सरलाय, उकाडा मी म्हणतोय आणि तुमच्या पायाखाली मलबारच्या सागाच्या फळ्या आहेत. दोन फळ्यांच्या सांध्यातलं डामर उन्हाने मऊ होऊन तळव्याला चिकटतं. जहाजाचं नाव 'ट्रिंकोमाली'. गेल्या वर्षी 12 ऑक्टोबरला ते पाण्यात उतरलं. बांधलं जमशेटजी बोमनजी वाडियांनी. तळाचा कणा बसवताना त्यात पारशी रिवाजाप्रमाणे चांदीचा खिळा ठोकूनच त्यांनी कामाला हात घातला. नेपोलियनशी झालेल्या लढायांनी इंग्लंडात ओकच्या लाकडाची चणचण झालेली, म्हणून इंग्रजी आरमाराची ही फ्रिगेट मुंबईत तयार झाली. आता ती पोर्ट्समथला निघाली आहे आणि तुम्ही तिच्यावर आहात. कोण म्हणून, हे कुणी विचारणार नाही; कालप्रवासात लेखकाने एवढी सोय करून द्यायचीच असते.

तुमची इंग्रजी तर्खडकरांच्या पाठमालेतली नाहीतर दहावीच्या व्याकरणातली. डावीकडे वाक्प्रचार, उजवीकडे अर्थ, मधे पट्टीने ओढलेली रेघ. 'टेकन अबॅक' म्हणजे चकित होणे. 'बाय अँड लार्ज' म्हणजे एकंदरीत. तुम्ही ते घोकलं, परीक्षेत लिहिलं, मार्क मिळाले. 'बाय' आणि 'लार्ज' या दोन शब्दांची बेरीज 'एकंदरीत' कशी होते, हे विचारायला वर्गात वेळ नव्हता. इथे सहा महिने आहेत.

पहिला धडा तेरा-चौदा वर्षांचा एक पोरगा देतो. तो तुम्हाला डोलकाठीपाशी नेतो. कठड्याला लाकडी खुंट्या ओळीने बसवल्यात आणि प्रत्येकीवर एक दोर वेढे घालून अडकवलाय. वर बघितलंत तर आभाळ कमी आणि दोर जास्त. तो म्हणतो, "डोळे मिटा साहेब." मग तुमचा हात धरून एकेका खुंटीवर ठेवत जातो. हा सोडला की वरचं शीड सुटतं, हा ओढला की आडवी काठी फिरते, आणि याला चुकून हात लावलात तर तांडेल तुमची गय करणार नाही. डोळे मिटायचे ते अशासाठी, की वादळ रात्रीही गाठतं, आणि काळोखात, भिजलेल्या हाताने, नेमका दोर सापडला नाही तर वर चढलेला माणूस जिवाला मुकतो. 'नो द रोप्स' या तीन शब्दांपुढे तुमच्या वहीत 'एखाद्या कामातील खाचाखोचा माहीत असणे' असं लिहिलेलं आहे. चूक नाही. फक्त त्यात जीव जायची भीती नाही.

किनारा मागे पडतो. सुकाणूपाशी दोघे अधिकारी नव्या जहाजाची परीक्षा करतायत. वारा जवळजवळ समोरून घेत, त्याला खेटून चालायचं, ते 'बाय द विंड'. वारा पाठीमागून, मोकळा मिळाला, की ते 'लार्ज'. काही जहाजं पाठच्या वाऱ्यावर घोड्यासारखी धावतात आणि वारा तिरपा झाला की बाजूला घसरत राहतात. ही घसरण म्हणजे 'लीवे'. ती पुढे भरून काढावी लागते. दोन्ही तऱ्हांनी चांगलं चालणारं जहाज म्हणजे 'बाय अँड लार्ज' चांगलं. तुमचं 'एकंदरीत' इथून आलं. अधिकाऱ्याच्या तोंडी तो साधा तांत्रिक शेरा आहे. अलंकार वगैरे त्याच्या गावीही नाही.

या जहाजावर कुणीच वाक्प्रचार 'वापरत' नाही, हे तुमच्या हळूहळू लक्षात येतं. ते हुकूम देतात, तक्रार करतात, दिसलं ते सांगतात. संध्याकाळी शिट्टी वाजते ती 'पाइप डाउन', म्हणजे खाली जा, झोपा. जहाजाचा तळ वाळूला घासून तसाच पुढे सरकला तर 'टच अँड गो'. किनाऱ्यावरून नजरेच्या टप्प्यात, पण नांगरायच्या जागेपलीकडे दिसणारं पाणी ते 'ऑफिंग'. तिथे शीड दिसलं की जहाज येऊ घातलंय.

मग एके दुपारी तुम्ही 'टेकन अबॅक' अंगावर घेता. वारा बेतात होता, शिडं फुगलेली होती, तुम्ही कठड्याला रेलला होतात. वारा अचानक फिरला आणि समोरून शिडांवर आदळला. ती उलटी होऊन डोलकाठीला चिकटली. एवढा आवाज झाला की तोफ उडाली असं वाटावं. पुढे चाललेलं अख्खं जहाज जागच्या जागी थरथरलं, थांबलं आणि चक्क मागे सरायला लागलं. पायाखालची फळी सुटल्यासारखी झाली. माणसं ओरडत दोरांकडे धावली. डोलकाठी मोडली असती तर मोडली असती. सगळं मिळून दोन-तीन मिनिटं. 'चकित होणे' हा अर्थ ज्याने लिहिला, तो जहाजावर कधी चढला नसावा.

'थ्री शीट्स' तर शाळेत कुणी शिकवलंच नाही, कारण ते दारूशी संबंधित. 'शीट' म्हटल्यावर तुम्ही शीड बघता, पण शीट म्हणजे शिडाचा खालचा कोपरा ताणून धरणारा दोर. तो सुटला की शीड फडफडतं. असे तीन सुटले की जहाज प्यायलेल्या माणसासारखं झोकांड्या खातं. दुपारी रमचं वाटप होतं. 1740 मध्ये अ‍ॅडमिरल व्हर्ननने त्यात पाणी घालायचा हुकूम काढला. तो ग्रोग्रॅम नावाच्या जाड कापडाचा कोट घालायचा, म्हणून खलाशी त्याला 'ओल्ड ग्रॉग' म्हणायचे, आणि ते नाव त्या पाणचट रमला चिकटलं. वाटा संपवून डुलत निघालेल्याला इथे 'ग्रॉगी' म्हणतात. तुमच्याकडे झोप न झालेला माणूसही स्वतःला तेच म्हणवतो.

एवढं शिकल्यावर तुम्हाला चेव चढतो. खोलीतल्या चौकोनी लाकडी ताटल्या बघून तुम्ही स्वयंपाक्याला ऐटीत म्हणता, "यावरूनच 'स्क्वेअर मील' ना?" तो तुमच्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघतो. त्याने हे शब्द कधी ऐकलेलेच नाहीत. ऐकणार कसे? पोटभर जेवणाला 'स्क्वेअर मील' म्हणायला लागले ते अमेरिकेत, अजून चाळीसएक वर्षांनी. ताटली चौकोनी आहे, शब्दही चौकोनी आहे, पण त्यांची गाठ कुणीतरी मागाहून मारली. तोफांचंही तेच. मागे जाडजूड दोरखंडांनी बांधलेली तोफ भर समुद्रात सुटली तर माणसं चिरडते, आणि इथल्या प्रत्येकाला तिची धास्ती आहे. पण बेभरवशाच्या माणसाला 'लूज कॅनन' म्हणणारा इथे एकही नाही. सुटलेल्या तोफेचा थरार व्हिक्टर ह्यूगो 1874 च्या कादंबरीत रंगवणार आहे, आणि ती उपमा त्यानंतर रुळणार आहे. वाक्प्रचाराची गोष्ट जितकी घोटीव, तितका तिच्यावर संशय घ्यावा असं माझं मत आहे. आपल्याकडे म्हणींच्या गोष्टी सांगणाऱ्यांनाही हे लागू पडतं.

रात्री एक म्हातारा खलाशी कोपनहेगनची लढाई सांगतो. तो तिथे होता म्हणे; तिथे होतो म्हणणारे सगळे खलाशी एकत्र आले तर ही फ्रिगेट बुडेल. 2 एप्रिल 1801. सेनापती सर हाइड पार्करने 39 क्रमांकाचा निशाण-संकेत फडकवला: लढाई थांबवा. 'एलिफंट' जहाजावरच्या नेल्सनने दुर्बीण उजव्या डोळ्याला लावली आणि संकेत दिसत नाही म्हणाला. तो डोळा 1794 मध्ये कोर्सिकातल्या काल्वीच्या वेढ्यात निकामी झाला होता. दुर्बिणीचा भाग कितपत खरा, यावर इतिहासकारांचं एकमत नाही, आणि 'टर्न अ ब्लाइंड आय' इथेच जन्मलं असंही छातीठोक सांगू नये. नेल्सनने हुकूम मानला नाही आणि लढाई जिंकली, एवढं नक्की. म्हाताऱ्याचं मन मात्र दुसऱ्याच गोष्टीत रमतं. 1797 ची कॅम्परडाउनची लढाई, 'व्हेनरेबल' जहाज, तोफेच्या माऱ्याने तुटलेली डोलकाठी. झेंडा खाली आला की शरणागती समजतात. जॅक क्रॉफर्ड नावाचा साधा खलाशी त्या मोडक्या काठीवर चढला आणि त्याने झेंडा खिळ्यांनी ठोकला. आता उतरवायचा म्हटलं तरी उतरेना. 'नेल युअर कलर्स टू द मास्ट' असं आज संपादक अग्रलेखात लिहितात. खिळे ठोकताना वरून गोळे जात होते.

30 एप्रिल 1819. पोर्ट्समथ. नांगर सुटतो आणि मांडीएवढा जाड तागाचा दोर भोकातून सळसळत जातो. त्याचं आतलं टोक 'बिट्स' नावाच्या खुंटांशी आहे. कॅप्टन जॉन स्मिथने 1627 च्या पुस्तकातच या टोकाला 'बिटर्स एंड' म्हणून ठेवलंय. तिथवर दोर गेला की हातात काही उरत नाही. इंग्रजीतला कडू 'बिटर' त्यात कधी मिसळला कोण जाणे, पण 'टू द बिटर एंड' म्हणणाऱ्याच्या जिभेवर आज दोर नसतो, कडूपणाच असतो.

माणसं पगार घेऊन उतरतात. लढाया संपल्यात, जहाजाला काम नाही. ते 1845 पर्यंत नुसतं बांधून ठेवलं जाणार आहे. (आज ते इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर हार्टलपूलला आहे. तिकीट काढून त्याच जहाजावर तुम्हाला चालता येतं.) खलाशी गुत्त्यांत, खानावळींत, बायकोच्या माहेरी बोलत सुटतात. त्यांचे हुकूम जमिनीवरची माणसं उचलतात आणि समुद्राशी ज्यांचा काडीचा संबंध नाही अशा भानगडींना लावतात. म्हणजे वाक्प्रचार घडतो तो गावात, जहाजावर नव्हे.

याच पोर्ट्समथमध्ये आरमाराच्या पगार कचेरीत जॉन डिकन्स नावाचा कारकून होता. 1812 मध्ये त्याला इथे मुलगा झाला. तुम्ही उतरता तेव्हा ते कुटुंब गाव सोडून गेलंय आणि मुलगा सात वर्षांचा आहे. तो 1842 मध्ये अमेरिकेचं प्रवासवर्णन लिहील आणि चक्रावलेल्या माणसासाठी 'टेकन अबॅक' छापून मोकळा होईल. त्या प्रवासाला तो जाईल तो 'ब्रिटानिया'ने, म्हणजे वाफेच्या बोटीने.