'ते तिथे नाही' : जेमिंगाची वीस वर्षे

१/ दप्तरात पडून असलेला पुरावा कधी बोलतो? योग्य प्रश्न विचारल्यावर. इतिहासाच्या विद्यार्थ्याला ठाऊक असलेले हे सत्य आज एका ताऱ्याच्या कथेत पाहू.

२/ १९६७ साली ओएसओ-३ हा उपग्रह अवकाशात गेला. त्याने टिपलेले ६२१ गॅमा किरण आकाशगंगेच्या पट्ट्यात दाटलेले आढळले. त्याच वर्षी केंब्रिजमध्ये जोसेलिन बेल यांना पहिला पल्सार, म्हणजेच स्पंदक तारा, सापडला. या दोन कथा पुढे एकमेकींत गुंतल्या.

३/ आकाशगंगेचे हे गॅमा तेज बरेचसे विखुरलेले असते. वैश्विक किरण ताऱ्यांमधील वायूवर आदळतात, त्यातून ते उपजते. परंतु दूरचे मंद स्रोतही याच तेजात विरघळून जातात. धुके कुठे संपते आणि दिवे कुठे सुरू होतात?

४/ नोव्हेंबर १९७२ मध्ये निघालेल्या सॅस-२ उपग्रहाला क्रॅब आणि वेला हे पल्सार गॅमा किरणांत दिसले. मिथुन राशीतील आणखी एका स्रोताचा मात्र रेडिओ दुर्बिणींना थांग लागेना. इटालियन शास्त्रज्ञ जोव्हानी बिन्यामी यांनी त्याला 'जेमिंगा' म्हटले. मिलानच्या बोलीत याचा ध्वनी 'ते तिथे नाही' असा उमटतो.

५/ १९९२ साली रोसॅट उपग्रहाच्या क्ष-किरण नोंदींत ०.२३७ सेकंदांचे स्पंदन सापडले. जेमिंगा पल्सारच होता! मग संशोधकांनी जुन्या नोंदी पुन्हा उघडल्या. सॅस-२ आणि कॉस-बी या उपग्रहांच्या नोंदींतही तोच ठोका होता. तो वीस वर्षे तिथेच होता; आवर्तकाल ठाऊक नसल्याने कोणाला ऐकू आला नव्हता.

६/ रेडिओत मूक असे आणखी किती असतील? २००८ नंतर फर्मी दुर्बिणीने केवळ गॅमा किरणांवरून असे अनेक पल्सार शोधले. फर्मीच्या अनोळखी स्रोतांचा माग घेताना नारायणगावजवळील खोडदच्या जीएमआरटीलाही अतिवेगाने फिरणारे पल्सार गवसले. आकाशगंगेच्या केंद्राजवळील जादा गॅमा तेज अशाच न दिसणाऱ्या पल्सारांचे की कृष्णद्रव्याचे, हा वाद आजही मिटलेला नाही.

७/ २०१७ मध्ये मेक्सिकोतील हॉक वेधशाळेला जेमिंगाभोवती काही अंश पसरलेले फिकट तेजोवलय आढळले. ताऱ्यातून निसटलेले इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन ते उजळवतात. म्हणजे धुक्यात हरवलेला हा दिवा स्वतःही थोडे धुके निर्माण करत होता.

८/ म्हणून जुनी नोंद निरुपयोगी समजून टाकू नये. तिला विचारायचा प्रश्न कदाचित अजून जन्मायचा असेल.