जुनी आरएक्स १००: विकायची की ठेवायची? आधी मोबाईलवर हिशोब करा

आमच्या अंगणात ताडपत्रीखाली एक यामाहा आरएक्स १०० उभी आहे. १९९३ चं मॉडेल, बाबांनी २००३ मध्ये १४ हजारांना सेकंडहँड घेतलेली. २०२२ मध्ये बाबा गेले आणि गाडी तशीच राहिली. २०२४ च्या दिवाळीत एकाने फोन करून ९० हजारांची ऑफर दिली. आई म्हणाली, "देऊन टाक, तुझा लॅपटॉप तरी येईल." काका म्हणाले, "विकू नको रे, सोनं आहे ते!" कोणाचं खरं, हे शोधताना जे कळलं ते सांगतो.

एवढी मागणी का?

आरएक्स १०० भारतात १९८५ ते १९९६ या काळात बनली. ९८ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, ताकद साधारण ११ बीएचपी. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला पेट्रोल पेटतं, फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांना एकदा. म्हणून ही हलकी गाडी पिकअपला अशी उसळते. आता ती बनत नाही, त्यामुळे चांगल्या राहिलेल्या गाड्यांना भाव आहे. रील्समध्ये लाख-दोन लाख ऐकू येतात, पण तो मागितलेला भाव असतो. खरा व्यवहार कितीला झाला हे कोणी दाखवत नाही.

कॅल्क्युलेटर काय म्हणतो

फोन आडवा धरला की बऱ्याच कॅल्क्युलेटरमध्ये सायंटिफिक बटणं येतात. ९०,००० भागिले १४,०००, त्या उत्तराचा १/२१ घात, मग वजा १. उत्तर वर्षाला सुमारे ९.३ टक्के. मी खूश!

मग बाबांची वही सापडली. २०१६ मध्ये बोअर-पिस्टन, क्रँक, क्रोम आणि रंग यावर ३२ हजार गेले होते. ते धरले तर परतावा ५ टक्क्यांच्या थोडा वर येतो, म्हणजे एफडीसारखाच. इन्शुरन्स, पीयूसी, सर्व्हिसिंगचे वर्षाला सरासरी १,८०० धरले तर २१ वर्षांत एकूण खर्च ८३,८००. उरले फक्त ६,२००! अर्थात बाबा ती रोज कामावर नेत होते, त्यामुळे हा शेवटचा खर्च प्रवासाचा धरणं जास्त बरोबर. पण "सोनं" हा शब्द मी तिथेच खोडला. सोन्याला ऑईल लागत नाही.

भाव खरा ठरतो नंबरवर

ऑफरवाले दादा गाडी बघायला आले. त्यांनी टाकी बघितली नाही की आवाज ऐकला नाही. रॉकेलचा बोळा मागितला, इंजिनवरचा आणि हँडलखालचा चासी नंबर पुसला, मोबाईलने फोटो काढला आणि आरसीशी ताडून बघितला. चासी नंबर जुळला, इंजिनचा नाही! कधीतरी कुठल्या तरी गॅरेजने इंजिन बदललं होतं आणि आरसीवर नोंद केलीच नव्हती. ऑफर तिथल्या तिथे ५५ हजारांवर आली. राग आला, पण माणूस चुकीचा नव्हता. ही तपासणी गिऱ्हाईक यायच्या आधी तुम्हीच करा. एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकूनही बघा. जुन्या आरसी बुकाची माहिती ऑनलाईन दिसत नसेल तर आरटीओत बॅकलॉग एंट्री करून घ्यावी लागते.

गाडी वारलेल्या माणसाच्या नावावर असेल तर आधी वारसाच्या नावावर करावी लागते, त्यासाठी फॉर्म ३१. नेहमीच्या विक्रीला फॉर्म २९ आणि ३०, आणि राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आरटीओला कळवायचं. "सह्या करून द्या, नाव मी नंतर चढवतो" म्हणणाऱ्याला गाडी देऊ नका. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलंय की अपघाताच्या भरपाईसाठी आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच मालक धरला जातो.

पंधरा वर्षांनंतर रजिस्ट्रेशन दर पाच वर्षांनी नूतनीकरण करायचं असतं. आमचं २०२३ मध्ये संपलं आणि कोणाच्या लक्षातच आलं नाही. त्यात ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या मोटरसायकलची ही फी २,००० रुपये झाली. व्हिंटेज नोंदणीचा विचार मनात असेल तर तिथे ५० वर्षांची अट आहे, आणि अशी गाडी रोज वापरता येत नाही. सर्वांत जुनी आरएक्स १०० सुद्धा २०३५ च्या आधी त्यात बसणार नाही.

ऑनलाईन जाहिरात टाकलीत तर "ॲडव्हान्स पाठवतोय, हा क्यूआर स्कॅन करा" असा मेसेज हमखास येतो. पैसे घेताना यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन मागितला की फोन ठेवा.

मग मी काय केलं?

५५ हजारांना दिली नाही. कागद अर्धवट असताना विकणं म्हणजे सर्वांत कमी भावात विकणं. फॉर्म ३१ भरून झालाय, इंजिनच्या नोंदीसाठी आरटीओच्या फेऱ्या चालू आहेत. कागद पूर्ण झाल्यावर पुन्हा ठरवू. तुमच्या घरात मात्र ती कोणी चालवणारच नसेल तर ठेवू नका. उभ्या गाडीची टाकी आतून गंजते, कार्बोरेटरचे जेट तुंबतात, ऑईल सील कडक होतात, आणि भाव दरवर्षी थोडा थोडा उतरतो.

लॅपटॉप हप्त्यांवर घेतला. रस्त्यावर न्यायची परवानगी नाही, म्हणून दर रविवारी अंगणातच दहा मिनिटं गाडी चालू ठेवतो. आई स्वयंपाकघराची खिडकी लावून घेते. पण परवा धूर निघाला नाही तर तिनेच विचारलं, "आज चालू नाही केलीस?"