वजाबाकीची पद्धत आणि कोसंबी
मेंदूच्या एफएमआरआय प्रतिमांत कार्यस्थितीतून आधारस्थिती वजा करून फरक काढला जातो. या रीतीचे मूळ डच शास्त्रज्ञ डॉन्डर्स यांच्या १८६८ मधील प्रतिक्रियाकाळाच्या प्रयोगांत आहे. नवा टप्पा जोडला तरी आधीचे टप्पे बदलत नाहीत, हे तिचे गृहीतक. फ्रिस्टन आदींनी १९९६ मध्ये त्यावरच आक्षेप घेतला. म्हणून निष्कर्ष अनपेक्षित आल्यास गुणकांइतकीच आधारस्थितीही तपासावी, असे प्रस्तुत लेखकास वाटते. शिवाय डोके कार्याच्याच लयीत हलले, तर ती हालचाल मेंदूची सक्रियता भासते. पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवणाऱ्या दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी (आपण त्यांना इतिहासकार म्हणूनच अधिक ओळखतो) १९४३ मध्ये मांडलेले विघटन स्थितींची पूर्वकल्पना न घेता संकेताचे घटक वेगळे करते. मात्र हालचालीचा घटक वगळताना कार्याचा परिणामही त्यासोबत जाऊ शकतो.