काप ४५ अंशांचाच, तरी कोपऱ्यात फट का राहते? कंगोऱ्याची पट्टी अचूक कापण्याचं साधं गणित

भिवंडीत 'सूत' म्हटलं की आधी आठवतो तो यंत्रमागावरचा धागा. सुताराच्या तोंडी मात्र सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, साधारण ३ मिलिमीटर. नव्या फ्लॅटमध्ये दाराभोवती सागवानी पट्टी लावली आणि कोपऱ्यात एवढी एका सुताची फट राहिली, तरी ती खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसते. मिस्त्री म्हणतो काप ४५ चाच आहे, मशीनचा काटाही तेच दाखवतो. मग चूक कुठे झाली? बऱ्याचदा ती मशीनमध्ये नसते, भिंतीत असते.

कंपाउंड मायटर सॉ काय करतं?

या मशीनचं गोल पातं वरून खाली येतं आणि पट्टी आडवी कापतं. खालचं टेबल डावीकडे-उजवीकडे फिरवता येतं, त्या कोनाला मायटर म्हणतात. पातं एका बाजूला कलवता येतं, तो बेव्हल. दोन्ही एकाच वेळी जमतात म्हणून नाव कंपाउंड. दाराभोवतीच्या सपाट पट्टीला फक्त मायटर पुरतो. खालच्या स्कर्टिंगची पट्टी उभी धरली तर मायटर, आडवी ठेवली तर बेव्हल. भिंत आणि छत यांच्या मधे तिरक्या बसणाऱ्या कंगोऱ्याला मात्र, पट्टी टेबलावर सपाट ठेवून कापायची असेल तर, दोन्ही लागतात.

कोपरा ९० अंशांचा नसतोच?

विटांच्या भिंतीवर प्लास्टर हाताने चढतं. कोपऱ्यात थापी वळवताना माल कमी-जास्त बसतो आणि कोन ८८ ते ९२ च्या मधे कुठेही जाऊ शकतो. तो तपासायला महागडं यंत्र लागत नाही. कोपऱ्यापासून एका भिंतीवर ३ फूट, दुसऱ्या भिंतीवर ४ फुटांवर खूण करावी आणि दोन खुणांमधलं अंतर मोजावं. बरोबर ५ फूट आलं तर कोपरा काटकोनात आहे. १ इंच जास्त आलं तर कोन सुमारे ९२ अंश, १ इंच कमी आलं तर सुमारे ८८. दाराच्या चौकटीसाठी हीच मापं १८ इंच, २४ इंच आणि ३० इंच अशी घ्यावीत. इथे अर्धा इंच फरक म्हणजे २ अंश.

२ अंशांनी काय बिघडतं?

७५ मिलिमीटर रुंद पट्टीचा ४५ अंशांचा काप सुमारे १०६ मिलिमीटर लांब होतो. कोपरा ९२ चा आणि दोन्ही पट्ट्या ४५ ला कापलेल्या असतील, तर सांध्याच्या आतल्या टोकाला जवळपास ३.७ मिलिमीटर फट पडते, म्हणजे एका सुताहून जास्त. तीच चूक १२ मिलिमीटर जाडीच्या उभ्या स्कर्टिंगला अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास फट देते. म्हणून स्कर्टिंगला खपून जाणारा काप दाराच्या पट्टीला खपत नाही.

स्केलवर किती ठेवायचं?

इथे अनेकांची फसगत होते. ९२ चा अर्धा ४६, म्हणून काटा ४६ वर नेला जातो आणि फट आणखी वाढते. मशीनच्या स्केलवर सरळ काप म्हणजे शून्य. त्यामुळे अर्धा कोन ९० मधून वजा करावा लागतो: ९० वजा ४६, म्हणजे ४४. कोपरा ८८ चा असेल तर ४६. कोपरा मोठा झाला की स्केलवरचा आकडा लहान होतो, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

३१.६ वर खाच कशासाठी?

बऱ्याच मशीनवर ३१.६ या विचित्र आकड्यावर टेबल आपोआप अडकतं. ही खूण छताच्या कंगोऱ्यासाठी असते. कंगोऱ्याची पाठ भिंतीशी ३८ अंशांचा कोन करत असेल आणि कोपरा ९० चा असेल, तर पट्टी सपाट ठेवून मायटर ३१.६ आणि बेव्हल ३३.९ ठेवायचा. पाठ ४५ अंशांत बसत असेल तर हेच आकडे ३५.३ आणि ३० होतात. कोपरा ९२ चा निघाला तर ३८ च्या कंगोऱ्याला मायटर ३०.७ आणि बेव्हल ३३.२ लागतो.

आकड्यांची ही कटकट टाळायची एक पद्धत आहे. कंगोरा मशीनवर उलटा उभा करायचा: टेबल म्हणजे छत, मागची उभी टेकण म्हणजे भिंत. तसं धरलं की फक्त मायटर लावून काम होतं. पट्टी कापताना सरकू नये म्हणून टेबलावर एक लाकडी ठोकळा घट्ट बसवावा.

आतला कोपरा आणि कोकणातला पाऊस

लाकूड पावसाळ्यात रुंदीला फुगतं, कोरड्या हवेत आकसतं. लांबी मात्र फारशी बदलत नाही. त्यामुळे जुलैत घट्ट बसलेला ४५ चा सांधा हिवाळ्यात आतल्या बाजूने उघडतो. पट्ट्या बसवण्याआधी काही दिवस त्याच खोलीत ठेवाव्यात, म्हणजे निदान तिथल्या हवेला सरावतात. स्कर्टिंगच्या आतल्या कोपऱ्याला जुने कारागीर वेगळी युक्ती करतात. एक पट्टी सरळ कापून भिंतीला भिडवतात आणि दुसरीचं टोक पहिलीच्या कंगोऱ्याच्या आकारात कोरून तिच्यावर बसवतात. कोपरा थोडा वाकडा असला तरी असा सांधा फट दाखवत नाही.

कापण्याआधी काय पाहावं?

पट्टीसाठी १० इंची पात्याला ६० ते ८० दात असावेत. कमी दातांचं पातं कड उचकटतं. पातं स्वतः २ ते ३ मिलिमीटर लाकूड खातं, म्हणून ते खुणेच्या टाकाऊ बाजूला ठेवावं. मशीन खरंच सरळ कापतं का, हे गुण्या लावून तपासावं. चार कोपऱ्यांच्या चौकटीत आठ काप येतात. प्रत्येकात अर्ध्या अंशाची चूक एकाच दिशेने झाली, तर शेवटच्या कोपऱ्यात ४ अंश जमा होतात. ७५ मिलिमीटरच्या पट्टीला ही फट ७ मिलिमीटरच्या पुढे जाते. रंगवायच्या एमडीएफमध्ये ती पुट्टीने बुजवता येते, पॉलिश केलेल्या सागात लपत नाही. म्हणून आधी त्याच पट्टीच्या दोन तुकड्यांवर काप करून ते कोपऱ्यात धरून पाहावेत. बसले, तरच लांब पट्टीला हात घालावा.

बोटं आणि फुप्फुसं

हे पातं मिनिटाला चार-पाच हजार फेरे घेतं. हात पात्यापासून किमान १५० मिलिमीटर लांब ठेवावा. तुकडा त्याहून लहान असेल तर हाताने न धरता शिकंज्यात पकडावा. हातमोजे घालू नयेत, कारण पातं कापडासह हात ओढून घेतं. काप संपल्यावर पातं खालीच पूर्ण थांबू द्यावं, मग वर उचलावं, नाहीतर सुटलेला तुकडा उडतो. डोळ्यांवर चष्मा आणि नाकावर धुळीचा मास्क हवाच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलं आहे. खिडक्या बंद असलेल्या फ्लॅटमध्ये दिवसभर कापकाम करणाऱ्याला हा धोका घरमालकापेक्षा कितीतरी जास्त असतो. त्यामुळे मशीन शक्यतो गॅलरीत किंवा मोकळ्या जागेत लावावं.